पानावरचे डाग : मोहोपाड्यातल्या सहा पावसाळ्यांचा मागोवा

वहीतली पहिली नोंद जुलै २०१९ची आहे. ‘लेट्यूस. आतली कोवळी पानं. कडा तपकिरी. औषध मारलं.’ कोणतं औषध, किती, कशासाठी, यातलं काहीच लिहिलेलं नाही. आज ती ओळ वाचली की वाईट वाटतं, कारण त्या एका ओळीपायी दोन महिन्यांचं पीक गेलं.

रसायनीत मोहोपाड्याच्या पुढे, भाताच्या खाचराला लागून, आम्ही पाच गुंठ्यांत शेडनेट उभारलं होतं. पांढरे पाइप, नेटकप, कोकोपीट, एक पंप आणि हजार लिटरची टाकी. मातीविना लेट्यूस, पालक आणि बेझिल. माती नाही म्हणजे रोग नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं आणि आम्ही ते खरं धरून चाललो होतो.

पहिल्याच पावसाळ्यात लेट्यूसच्या गाभ्यातली पानं कडेनं करपली. दुकानातून बुरशीनाशक आणून आठवड्याच्या अंतरानं दोनदा फवारलं. फरक पडला नाही. तिसऱ्या फवारणीच्या आदल्या संध्याकाळी वडील शेडमध्ये आले. त्यांचा जन्म भातात गेलेला. त्यांनी विचारलं, “सगळ्यांत जुनं पान कसं आहे?” जुनं पान चांगलं होतं. सगळ्यांत बाहेरचं, पाइपाला टेकलेलं, सर्वाधिक ओलं राहणारं पान स्वच्छ आणि गाभ्यातलं कोवळं पान करपलेलं. बुरशी असती, तर असं उलटं कसं झालं असतं?

तो कॅल्शियमचा दोष होता. टाकीत कॅल्शियम भरपूर होतं, पाण्यातले क्षार मोजणारा मीटरही ठीक दाखवत होता. पण रोपात कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच वर चढतं आणि ती ओढ पानातून बाष्प बाहेर पडलं तरच तयार होते. आमच्याकडे जुलैत हवा पाण्यानं इतकी भरलेली असते की दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. मिटलेल्या गाभ्यातल्या पानाला मग बाष्प सोडायला वावच राहत नाही. जुन्या पानाकडून उसनं घेऊ, अशी सोयही त्याला नाही, कारण जुन्या पानात बसलेलं कॅल्शियम नव्या पानाकडे सरकत नाही. उपाय निघाला तो दोन पंख्यांचा, रोपांतलं अंतर वाढवण्याचा, द्रावण थोडं पातळ ठेवण्याचा आणि पावसाळ्यात काढणी लवकर उरकण्याचा. औषधाची बाटली त्यात कुठेच नव्हती.

त्या वर्षी मी यशवंत लक्ष्मण नेने यांच्याविषयी वाचलं. साठच्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या भातावर काताच्या रंगाचे डाग पडत आणि शिवारंच्या शिवारं खुरटत. त्या रंगावरूनच लोक त्याला खैरा म्हणत. नेने पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पती-रोगशास्त्रज्ञ होते, म्हणजे जंतू शोधणं हेच त्यांचं काम. त्यांनी १९६६मध्ये दाखवून दिलं की खैऱ्याच्या मुळाशी जंतू नाही, जमिनीत जस्ताची उणीव आहे. पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना हजार लिटर पाण्यात मिसळून हेक्टरी फवारायचा, एवढा साधा उपाय. आपल्याच शास्त्राच्या माणसांनी जिथे रोगजंतू शोधले असते, तिथे ‘हा रोग नाही, ही भूक आहे’ असं सांगणं मला फार मोठं वाटतं. मातीविना शेती करणाऱ्या प्रत्येकानं हे नाव लक्षात ठेवावं.

डाग वाचण्याची परंपरा आमच्या भागाला नवी नाही. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९पासूनचं. कर्जत-१८४ हे नाव कोकणातल्या शेतकऱ्याला पाठ आहे आणि १९९८ची संकरित सह्याद्री तिथलीच. वडिलांची पिढी त्या केंद्राच्या वाऱ्या करत वाढली. करप्याचा डाग दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी. तपकिरी ठिपक्याचा डाग तिळासारखा. कडा करपा पानाच्या टोकाकडून कडेनं खाली उतरतो. हे त्यांना पुस्तकाशिवाय येत असे. कडा करप्याची एक परीक्षा त्यांनी मला दाखवली. पान आडवं कापायचं, कापलेलं टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरायचं आणि उजेडाकडे बघायचं. जिवाणू असतील, तर थोड्या वेळात दुधाळ धागा पाण्यात उतरताना दिसतो. तो धागा पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. रोग डोळ्यांसमोर पाझरत होता.

जून २०२०मध्ये निसर्ग वादळ आलं. शेडनेट फाटलं, वीज गेली, पंप बंद पडला. जी रोपं जगली, त्यांच्या खालच्या पानांवर पुढे पिवळे-तपकिरी चट्टे आले. या वेळी मी पान बघत बसलो नाही, नेटकप उचलला. पांढरी हवीत ती मुळं चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येई आणि आतला दोरा मागे राही. ही मूळकूज. तेव्हापासून टाकी जमिनीत पुरलेली आहे आणि मे महिन्यात तिच्यावर ओली पोती असतात, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि मूळकुजीला रान मोकळं मिळतं.

२०२१चा प्रसंग मला सर्वांत जास्त शिकवून गेला. पालकाच्या जुन्या पानांत शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी आणि मग त्या पिवळ्यात तपकिरी ठिपके. गावात जो येई तो म्हणे, “कंपनीचा धूर.” रसायनीत हे पहिलं उत्तर असणं साहजिक आहे. गावाचं नावच कारखान्यांवरून पडलेलं, आणि हवेबद्दलच्या आमच्या तक्रारी काही खोट्या नाहीत. पण शेडबाहेर वीस पावलांवर मातीतल्या वाफ्यात तोच पालक होता, त्याच बियाण्याचा, आणि त्याच्यावर एकही ठिपका नव्हता. धूर पाइप आणि वाफा यांत निवड करत नाही.

मग पाण्याकडे वळलो. खताचं प्रमाण आम्ही देशावरच्या एका मित्राकडून घेतलं होतं. त्याच्या विहिरीचं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळातच विरघळलेलं, म्हणून त्यानं मॅग्नेशियम सल्फेट हात राखून घातलेलं. आम्ही वापरत होतो छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी. त्यात मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. म्हणजे मित्राची विहीर जे फुकट देत होती, ते आमच्या टाकीत कुणीच घालत नव्हतं. मॅग्नेशियम रोपात चालतं-फिरतं असतं. कमी पडलं की रोप जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून डाग खालून सुरू होतात. मॅग्नेशियम सल्फेट वाढवल्यावर डागाळलेली पानं काही हिरवी झाली नाहीत, ती होतही नसतात. पण पुढची पानं स्वच्छ आली.

खरी बुरशी भेटली ती २०२२मध्ये, तीही पालकावरच. गोल ठिपके, मध्ये राखाडी, भोवती लालसर तपकिरी कडी. आपला पालक हा बीटचा भाऊबंद, आणि सर्कोस्पोरा हा बुरशीचा प्रकार बीटच्या घराण्यामागे लागलेला. या वेळी पाइपात आणि मातीत दोन्हीकडे तो होता, त्यामुळे शंका उरली नाही. डागाळलेली पानं खुडून जाळली, वरून पाणी मारणं बंद केलं, बियाणं बदललं.

पानांच्या डागांचे रंगीत तक्ते हल्ली सहज मिळतात. त्यातले बरेच परदेशातल्या, बंद खोलीत दिव्याखाली वाढवलेल्या गांजाच्या रोपांवर बेतलेले असतात. आपल्याकडे १९८५च्या कायद्यानं ते पीक परवान्याशिवाय लावता येत नाही, पण तक्त्यातली रोपशास्त्राची बाजू पालकालाही लागू पडते. अडचण वेगळीच आहे. त्या खोलीत हवेतला ओलावा माणूस ठरवतो, आमच्याकडे तो पाऊस ठरवतो. म्हणून चित्राशी डाग जुळला, तरी कारण जुळेलच असं नाही.

२०२४च्या पावसाळ्यात वहीत डागांच्या अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या दोनच रोगाच्या निघाल्या. एक लाल कोळ्याची, भिंगाखाली पानाच्या मागच्या बाजूला जाळी दिसली म्हणून कळलेली. बाकीच्या आठ पाण्याच्या, खताच्या किंवा हवेच्या.

आजूबाजूची मुलं आता शेड उभारताहेत आणि डाग दिसला की पान खिशात घालून माझ्याकडे येतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. नुसतं पान आणू नका. रोप मुळासकट आणा, आणि सोबत बाटलीत टाकीतलं अर्धा लिटर पाणी आणा.