स्थूलता, शस्त्रक्रिया आणि संकोच

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. तथापि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्ण आजही नागपूरचीच वाट धरतो. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा विचार मात्र पुष्कळदा घराच्या उंबरठ्यावरच अडतो.

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहभारांक मिळतो. १९९१ च्या अमेरिकी निकषानुसार तो ४०, अथवा मधुमेहादी विकार असल्यास ३५ असावा लागे. आशियाई शरीरास कमी वजनावरही मधुमेह जडतो. म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ही मर्यादा त्यांच्यासाठी २७.५ वर आणली. भारतातील २०१९ च्या विमानियमांत मात्र ४० आणि ३५ हेच आकडे राहिले. त्यामुळे वैद्यकदृष्ट्या पात्र रुग्णासही खर्च स्वतःच सोसावा लागू शकतो.

खर्च, भूल देण्याची भीती, पुढे जन्मभर घ्यावयाची जीवनसत्त्वे आणि तपासण्यांसाठीच्या खेपा, ही कारणे रास्तच होत. परंतु ‘हा जिभेचा दोष’ या समजुतीने रुग्ण डॉक्टरांपाशी विषयच काढीत नाही. वस्तुतः आनुवंशिकता व संप्रेरके यांचाही त्यात वाटा असतो.

शस्त्रक्रिया सर्वांनी करावी असे नव्हे. होकार असो वा नकार, तो विचारपूस करून दिलेला असावा, इतकेच.