'महापालिकेत गेलेले गाव' : मुळशी तालुक्यातील एका संक्रमणाची परिभाषा

१

'गाव' आणि 'शहर' ही जोडी मराठी भाषकाच्या मनात इतकी रुजलेली आहे की, ते दोन शब्द म्हणजे दोन निराळ्या वस्तूंची नावे होत असे सहसा गृहीत धरले जाते. वस्ती लहान, शेती हा मुख्य व्यवसाय आणि परस्परांची ओळख असली म्हणजे गाव. वस्ती दाट, व्यवसाय नाना प्रकारचे आणि शेजारी अनोळखी असला म्हणजे शहर. या समजुतीप्रमाणे वस्ती वाढत गेली की केव्हातरी गावाचे आपोआप शहर व्हावयास हवे. प्रशासनाच्या व्यवहारात मात्र तसे घडत नाही. तेथे शहर नुसते वाढून होत नाही. ते घोषित व्हावे लागते.

३० जून २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेने पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २३ गावे समाविष्ट करण्यात आली. त्यांत सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही मुळशी तालुक्यातील गावे होती. आदल्या दिवशीपर्यंत या गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे होता. त्यानंतर तो महानगरपालिकेकडे आला. घरे, रस्ते, ओढे आणि माणसे तीच राहिली. एका घोषणेने त्यांचे वर्गीकरण मात्र बदलले. या बदलासाठी मराठीत कोणकोणते शब्द वापरले जातात, ते कोण वापरतो आणि त्यांतून कोणते संबंध व्यक्त होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम कायद्याची परिभाषा पाहणे सोयीचे होईल. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद २४३-थ मध्ये नागरी संस्थांचे तीन प्रकार सांगितले आहेत : ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण करणाऱ्या भागासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. कोणते क्षेत्र कोणत्या प्रकारात बसते हे राज्यपालांनी अधिसूचनेने ठरवावयाचे असते. त्यासाठी लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल आणि शेतीव्यतिरिक्त व्यवसायांतील रोजगाराचे प्रमाण विचारात घ्यावे, असे तेथे म्हटले आहे.

जनगणनेचा निकष याहून निराळा आहे. ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५,००० आहे, जेथील किमान ७५ टक्के पुरुष मुख्य कामकरी शेतीबाहेर काम करतात आणि जेथे दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात, ती वस्ती ग्रामपंचायतीच्या अमलाखाली असली तरी जनगणना तिला नगर मानते. म्हणजे एकच वस्ती एकाच वेळी जनगणनेच्या दृष्टीने नगर आणि कायद्याच्या दृष्टीने गाव असू शकते. जनगणना वर्णन करते, तर अधिसूचना स्थिती निर्माण करते.

हा भेद भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला परिचित आहे. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले की, काही विधाने वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती घडवितात. आणि अशी विधाने खरी की खोटी हा प्रश्न गैरलागू असून योग्य अधिकाऱ्याने, योग्य रीतीने ती उच्चारली की नाही एवढेच पाहावयाचे असते. हद्दीची अधिसूचना हे या प्रकारचे लेखी उदाहरण होय. 'सूस हे शहर आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर सूसमधील इमारती मोजून मिळत नाही. ते राजपत्रात मिळते.

३

एकाच घटनेसाठी येथे तीन निरनिराळ्या शब्दयोजना रूढ आहेत, आणि त्या तीन निरनिराळ्या जागांवरून केल्या जातात.

पहिली योजना 'हद्दवाढ' ही होय. हा शब्द शहराच्या बाजूने बोलतो. 'वाढ' हे नाम 'वाढणे' या अकर्मक क्रियापदापासून आलेले असल्यामुळे, मूल वाढावे किंवा झाड वाढावे तशी हद्द वाढली असा त्याचा भाव होतो. ती कोणी वाढविली हे त्यात सांगावे लागत नाही, आणि ज्या भूमीवर ती वाढली तिचा तर उल्लेखही नसतो. या शब्दाच्या कक्षेत गाव नाही. २०२१ च्या हद्दवाढीनंतर पुणे महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले आणि क्षेत्रफळाने ती बृहन्मुंबईहून मोठी ठरली, हे विधान हद्दवाढीच्या दृष्टिकोनाचे चांगले उदाहरण आहे. त्यात मोजले जाते ते शहरच.

दुसरी योजना शासनाची. तिच्यात 'समावेश' आणि 'समाविष्ट गावे' हे शब्द येतात. येथे गाव दिसते, परंतु ते कर्मणि रचनेत. 'समाविष्ट' या धातुसाधिताने कर्ता पडद्याआड जातो. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, समावेशाची क्रिया पूर्ण होऊनही 'गाव' हा शब्द निघून जात नाही. अर्थसंकल्पात, पाणीपुरवठ्याच्या योजनांत, विकास आराखड्यांत या भागांचा उल्लेख वर्षानुवर्षे 'समाविष्ट गावे' असाच होत राहतो. जे शहरात आले ते अद्याप शहर झालेले नाही, याची ही नकळत दिलेली कबुलीच होय.

तिसरी योजना गावकऱ्यांची आहे : 'आमचं गाव महापालिकेत गेलं.' येथे कर्ता गाव आहे, परंतु क्रियापद 'जाणे' हे आहे. मराठीत 'जाणे' या क्रियापदाचा जमिनीच्या संदर्भातील एक विशिष्ट प्रयोग सर्वपरिचित आहे : जमीन रस्त्यात गेली, शेत कालव्यात गेले, घर रुंदीकरणात गेले. या प्रयोगात गेलेली वस्तू आपल्या इच्छेने गेलेली नसते आणि बहुधा परत येत नाही. अधिकरणार्थी 'त' प्रत्यय येथे स्थळ दाखवीत नाही. वस्तू ज्यात नाहीशी झाली ते कारण दाखवितो.

मुळशीत या प्रयोगाला एक खास इतिहास आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत योजनेसाठी मुळा नदीवर धरण बांधण्याच्या वेळी, १९२१ मध्ये, तत्कालीन मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने मिळवून दिली. लढा अयशस्वी झाला, धरण झाले आणि खोऱ्यातील गावे 'धरणात गेली'. ज्या तालुक्यात 'धरणात गेले' हा प्रयोग शंभर वर्षे बोलला जात आहे, तेथे 'महापालिकेत गेले' हा प्रयोग त्याच साच्यात बसतो. दोन्ही घटना समान आहेत असा याचा अर्थ नव्हे : धरणात गेलेल्या गावाला काहीच उरले नाही, तर महापालिकेत गेलेल्या गावाला पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि अग्निशमन यांवर हक्क सांगता येतो. पुष्कळ ठिकाणी समावेशाची मागणी रहिवाशांकडूनच आली, हेही खरे. तथापि दोन्ही वाक्यांत बोलणाऱ्याचे स्थान एकच आहे : निर्णय दुसरीकडे झाला.

४

घोषणेने वर्गीकरण बदलले तरी शब्द आपल्या गतीने बदलतात. मुळशीतील नावांत याचे एक बोलके उदाहरण आहे. एकाच नावाची दोन गावे असता थोरल्यास 'बुद्रुक' आणि धाकट्यास 'खुर्द' म्हणण्याची पद्धत फारसीतील 'बुजुर्ग' व 'खुर्द' या शब्दांवरून आली. बावधनच्या बाबतीत धाकटे शहरात आधी गेले. बावधन खुर्द १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महानगरपालिकेत आले, आणि बावधन बुद्रुक २०२१ पर्यंत ग्रामपंचायतीत राहिले. जवळजवळ चोवीस वर्षे 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे शब्द थोरले-धाकटे हा अर्थ बाजूला ठेवून गाव आणि शहर यांतील सीमारेषा दाखवीत होते. ती रेषा आता पुसली गेली. नावे मात्र कायम आहेत.

कागदपत्रांची भाषाही दुभंगलेली आढळते. महसुली दप्तरात जमीन 'मौजे सूस, तालुका मुळशी' अशीच राहते, कारण महसुली गाव आणि स्थानिक संस्थेची हद्द या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीच्या 'नमुना ८' मध्ये नोंदलेले घर महानगरपालिकेच्या वहीत 'मिळकत' होते, आणि 'घरपट्टी'ची जागा 'मिळकतकर' घेतो. बोलण्यात मात्र 'घरपट्टी' हाच शब्द टिकून आहे. 'सरपंच' हे पद संपते. माजी सरपंचास 'सरपंच' म्हणून हाक मारणे संपत नाही.

सर्वांत महत्त्वाचा बदल 'गाव' या शब्दाच्या अर्थात होतो. समावेशापूर्वी 'गाव' म्हणजे शिवेपासून शिवेपर्यंतचे सारे क्षेत्र : राहण्याची पांढरी आणि कसण्याची काळी, दोन्ही. शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिल्यानंतर तो शब्द आक्रसून जुन्या गावठाणापुरता उरतो. संकुलातील रहिवासी 'गावात जाऊन येतो' असे म्हणतो तेव्हा त्याला गावठाणातील दुकान अभिप्रेत असते. आणि तोच मनुष्य सुटीत 'गावाला जातो' तेव्हा त्याला आपले सातारा किंवा लातूरकडील मूळ गाव अभिप्रेत असते. केवळ विभक्तिप्रत्ययाने दोन गावे वेगळी होतात. त्याच वेळी 'गावकरी' हा शब्द क्षेत्रावरून सुटून कुळांना चिकटतो. ग्रामदैवताच्या जत्रेची वर्गणी ज्यांच्याकडून हक्काने मागितली जाते ते गावकरी, आणि उरलेले 'सोसायटीवाले'. पूर्वी 'गाव' हा शब्द कोठे याचे उत्तर देत असे. आता तो कोण याचे उत्तर देतो.

पुणे शहरात हे पूर्वीही घडलेले आहे. डेक्कन जिमखाना किंवा लष्कर भागातील जुने रहिवासी पेठांकडे जाताना 'गावात जातो' असेच म्हणत. नगर झाल्यावरही मूळ वस्तीस 'गाव' म्हणण्याची प्रवृत्ती म्हणजे केवळ मागासलेपणाची खूण नव्हे. नव्या विस्तारापासून जुन्या गाभ्याला वेगळे ओळखण्याचे ते भाषेचे साधन आहे.

५

घोषणा आणि वस्तुस्थिती यांची फारकत समजण्यास याच तालुक्यातील आणखी दोन स्थळे उपयोगी पडतात. पहिले हिंजवडी. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती-तंत्रज्ञान उद्यान विकसित करण्यास आरंभ केला. शेजारचे वाकड १९९७ मध्ये आणि ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. हिंजवडी आणि माण येथे मात्र उद्यान, मनोरे आणि वाहनांची गर्दी वाढत असतानाही कित्येक वर्षे कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. औद्योगिक क्षेत्रात महामंडळ, नियोजनात २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि वस्तीत ग्रामपंचायत, असे अधिकार वाटले गेले. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी कोणाचे, असा प्रश्न जेथे पडतो तेथे वस्तू आहे, पण तिला पुरेसा असा शब्द नाही.

दुसरे स्थळ लवासा. मोसे खोऱ्यातील दासवे व परिसरात उभारलेल्या या वसाहतीला आरंभापासूनच 'शहर' म्हटले गेले. २००८ मध्ये तिच्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, आणि २०१७ मध्ये शासनाने तो काढून घेतला. येथे शब्द होता, इमारतीही होत्या; परंतु मतदारांनी निवडलेली नगरसंस्था नव्हती. हिंजवडीत नगर आहे आणि घोषणा नाही; लवासात नाव होते आणि नागरिकत्व नव्हते.

६

या दोन उदाहरणांवरून नगरत्वाचा खरा गाभा कोणता, याकडे लक्ष वेधले जाते. तो इमारतींत नाही आणि नावातही नाही. निर्णयप्रक्रियेत कोणाला बोलता येते, यात तो आहे.

ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेत गावच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तेथे मतदार स्वतः उभा राहून प्रश्न विचारू शकतो. निदान कायद्याने त्याला ती जागा दिलेली आहे. महानगरपालिकेत तो प्रतिनिधीमार्फत बोलतो. अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद असली तरी व्यवहारात ती रुजलेली नाही. गाव महापालिकेत जाते तेव्हा ग्रामसभा संपते, आणि ग्रामसभेची संमती ही त्या समावेशाची अटही नसते. मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे पुरेसे ठरते.

सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक येथे याचा परिणाम विशेष तीव्र झाला. जून २०२१ मध्ये ग्रामपंचायती गेल्या. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासकाची राजवट आली, आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे सुमारे साडेचार वर्षे या गावांना ना ग्रामसभा होती, ना त्यांनी निवडलेला नगरसेवक. कर, पाणी व बांधकाम यांविषयीचे निर्णय या काळातही होतच होते. 'गेले' या क्रियापदाला या अवधीत जेवढा आधार मिळाला तेवढा कोणत्याही कोशाने दिला नसता.

घोषणा फिरविता येते, हेही दिसून आले आहे. शेजारच्या हवेली तालुक्यातील फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ मध्ये समाविष्ट झालेली गावे २०२४ मध्ये वगळण्यात येऊन त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. ती पुन्हा ग्रामपंचायतीकडे परतली नाहीत. या प्रसंगी तरी शब्दांच्या साखळीत मागे जाणारी वाट निघाली नाही. लहान किंवा मोठे, एवढीच निवड उरली.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. ग्राम-नगर संक्रमणाचा अभ्यास करताना लोकसंख्या, करव्यवस्था आणि बांधकामे यांबरोबरच त्या त्या भागात कोणती क्रियापदे वापरली जातात याची नोंद घेणे आवश्यक आहे. 'हद्द वाढली', 'गाव समाविष्ट झाले' आणि 'गाव गेले' ही तीन वाक्ये एकाच दिवसाविषयी असली तरी त्यांचा अर्थ एक नाही. चौथे एक वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे : 'आम्ही शहर झालो.' प्रथम पुरुषाचे हे वाक्य ज्या दिवशी या गावांत सहज बोलले जाईल, त्या दिवशी संक्रमण पूर्ण झाले असे म्हणता येईल. ते वाक्य अधिसूचनेने घडविता येत नाही; बोलण्याची जागा परत मिळाल्यानेच ते घडू शकते.