बंदूक सगळ्यांत शेवटी

डिसेंबरातली पहाट. सहा वाजायला आले होते. आर्कान्सॉ राज्यातल्या स्टुटगार्ट गावाजवळच्या रानात मांडीपर्यंत पाणी होतं आणि त्या पाण्यात ओकची झाडं उभी होती. मी आणि माझा भाचा एकेका बुंध्याला पाठ लावून उभे होतो. भाच्याच्या हातात बंदूक होती, पण रिकामी. त्याला शिकवायला आलेला सत्तरीतला भातशेतकरी आदल्या रात्रीच सांगून मोकळा झाला होता, की पहिल्या दिवशी फक्त बघायचं आणि ऐकायचं.

मी आयुष्यात बंदूक धरलेली नाही आणि धरणारही नाही. आपल्याकडे तो प्रश्नच मिटलेला आहे. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी उरलीसुरली शिकारही बंद झाली, आणि ते योग्यच झालं. तरीही भाच्यासोबत मी गेलो, कारण बदकांची शिकार तिथे नवख्याला कशी शिकवतात हे मला बघायचं होतं. त्या चार दिवसांत माझी खात्री पटली, की हे शिक्षण नीट दिलं तर त्याचा क्रम आधी पक्षी, मग पाणी आणि सगळ्यांत शेवटी बंदूक असाच असतो. दुकानात जाऊन आधी बंदूक आणि चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घेणारा नवशिका उलट्या टोकाने सुरुवात करतो.

सुरुवात ओळखीपासून का, ते तिथल्या नियमांत दिसतं. मिसिसिपी नदीच्या बाजूने उतरणाऱ्या स्थलांतर-मार्गावर अलीकडच्या हंगामांत माणशी दिवसाला सहा बदकांची मर्यादा आहे. त्यांत मॅलार्ड चारच, आणि त्या चारांत माद्या दोनपेक्षा जास्त नाहीत. वुड डक, कॅनव्हासबॅक, पिनटेल यांचे आकडे वेगळे, आणि तेही वर्षागणिक बदलणारे. म्हणजे ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने, अर्धवट उजेडात, झाडांच्या शेंड्यांतून येणारा पक्षी कोणता, नर की मादी, हे दोन-तीन सेकंदांत ठरवता आलं पाहिजे. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार टाकता येतो. त्या वेळी रंग दिसतच नाहीत. मॅलार्ड नराचं हिरवं डोकं काळं दिसतं. उरतो तो आकार, पंखांची लय आणि आवाज.

म्हणून म्हातारा भाच्याला डोळे मिटायला लावायचा. मोठा, खणखणीत ‘क्वॅक’ मादीचा. मॅलार्ड नर बसक्या, खरखरीत आवाजात बोलतो. वुड डक किंचाळल्यासारखं ओरडत झाडांमधून वळणं घेत जातं. टील, म्हणजे आपल्या चक्रांगाची भावंडं, मुठीएवढी वाटतात आणि थवाच्या थवा एका अंगाने वळतो. गॅडवॉलच्या पंखावर मागच्या बाजूला पांढरा चौकोन चमकतो. पिनटेलची मान लांब, शेपूट टोकदार. हे तर आपलंच तलवार बदक. चमच्यासारख्या चोचीचा शॉव्हेलर म्हणजे आपला थापट्या. नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात दुर्बीण लावणाऱ्याला हे दोघे परके नाहीत. अमेरिकेतले थवे वेगळे, पण जात तीच. उडता पक्षी ओळखायची विद्या नाशिकच्या पाणथळीवर आणि आर्कान्सॉच्या रानात सारखीच आहे. फक्त तिथे चुकीची किंमत पक्षी मोजतो. नवशिक्यांच्या हातून हकनाक मरणाऱ्यांत वारकरी पक्ष्याचा अमेरिकी भाऊबंदही असतो. तो बदक नाहीच, पण अंधुक उजेडात बदकासारखा दिसतो.

यानंतर पाणी आणि वारा. बदक विमानासारखं वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणून लपण अशा जागी हवं की वारा आपल्या पाठीवर यावा. समोर खोटी बदकं, म्हणजे डिकॉय, पाण्यावर सोडायची. ती रांगेत लावली की फसली. दोन गट करून मध्ये वीसेक पावलांवर मोकळं पाणी ठेवायचं, उतरायला अंगण ठेवावं तसं. पाणी निश्चल असेल तर डिकॉय मेल्यासारखी दिसतात, म्हणून एखाद्याला दोरी बांधून हिसका द्यायचा. पूर आलेल्या रानात म्हातारा पायानेच पाणी हलवत राहायचा. ही युक्ती प्राचीन आहे. नेव्हाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 साली लव्हाळ्यांनी विणलेली, पिसं लावलेली डिकॉय सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. शेवाळी तळ्याकाठी बसून ती विणणाऱ्या हातांनी बदकाचा डौल किती बारकाईने पाहिला असेल, हे त्यांच्या छायाचित्रातही कळतं.

आवाज देण्याबद्दल नवशिक्याला सांगावं लागतं ते एवढंच, की गप्प बस. स्टुटगार्टला 1936पासून बदकांच्या आवाजाची जागतिक स्पर्धा भरते. तिथली वाद्यवादनासारखी तान ऐकून नवखा मोहरून जातो आणि रानात शिट्टी तोंडातून काढतच नाही. जवळ येणारा थवा त्याने बिथरतो. थवा पाठ फिरवून निघाला तरच बोलवायचं, समोर येत असला तर थांबायचं. आणि वर बघायचं नाही. वर वळलेला उघडा चेहरा आकाशातून थाळीसारखा चमकतो. टोपीच्या काठाखालून, नजर वर करून, मान न हलवता बघायला शिकायला भाच्याला दोन दिवस लागले.

बंदुकीची वेळ यानंतर येते, आणि तीही मर्यादांसकट. नळीत आणि पोटात मिळून तीनच काडतुसं मावतील असा अडसर घातलेला असतो. छर्रे शिशाचे चालत नाहीत. 1991पासून देशभर बदकांसाठी शिसं बंद आहे, कारण तळाच्या चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळत, पोटातल्या गिरणीत ते झिजत आणि विष अंगात भिनत असे. असं बदक खाणारे गरुडही मरत. पोलादाचे छर्रे शिशापेक्षा हलके, त्यांचा जोर लवकर ओसरतो. म्हणून चाळीस यार्डांपलीकडे बार टाकणं म्हणजे बहुतेकदा पक्षी जखमी करून सोडणं. ते बदक दूरच्या गवतात जाऊन दोन दिवसांनी मरतं. उंचावरच्या थव्यांवर फटाके फोडल्यासारखे बार टाकणाऱ्याला त्या रानात कोणी पुन्हा सोबत नेत नाही. पडलेला पक्षी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणूनच लॅब्रॅडॉरला मान आहे. घरी नेईपर्यंत प्रत्येक बदकाचं पिसांसह डोकं किंवा एक पंख ठेवावा लागतो, तपासनीसाला जात ओळखता यावी म्हणून. आणि मारलं ते खायचं, ही त्या म्हाताऱ्याची अट कायद्याच्याही आधीची होती.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी सांगायला हवी होती: थंड पाणी. बंदुकीची सगळ्यांना भीती वाटते, पाण्याची वाटत नाही. माणसं, कुत्रा, डिकॉयची पोती यांनी भरलेली छोटी बोट, छातीपर्यंतचे रबरी वेडर्स आणि गोठणबिंदूजवळचं पाणी यांनी माणूस काही मिनिटांत हतबल होतो. वेडर्सचा कमरपट्टा घट्ट बांधल्याशिवाय आणि तरंगतं ठेवणारं जाकीट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही.

नवशिक्याला परवाना, शिकारी-शिक्षणाचा वर्ग आणि सोळा वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला लागणारं बदकांचं तिकीट, अशी कागदपत्रं करावी लागतात. या तिकिटाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बदकं पोत्यांनी मारली गेली. 1918च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने त्याला लगाम घातला. मग तिसाच्या दशकात दुष्काळाने उत्तरेकडच्या कुरणांतली तळी आटवली, आणि तीच बदकांची पाळणाघरं. 1934 साली शिकाऱ्यानेच तिकीट विकत घ्यावं असा कायदा झाला. त्या तिकिटावरचं पहिलं चित्र काढलं ते व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंग यांनी. किंमत एक डॉलर. आज ती पंचवीस डॉलर आहे आणि त्यातले जवळपास सगळे पैसे पाणथळ जमिनी घेण्यात व राखण्यात जातात. आजवर साठ लाख एकरांहून जास्त जमीन अशी राखली गेली. शिकार न करणारे पक्षीनिरीक्षकही ते तिकीट घेतात, मीही घेतलं. उलट टोकाची अडचणही तिथे आहे: स्नो गूज इतके वाढले की त्यांच्या चरण्याने आर्क्टिकचा टुंड्रा उजाड होऊ लागला, म्हणून 1999पासून त्यांच्या शिकारीची बंधनं सैल केली गेली.

आपल्याकडे मर्यादा नव्हती तेव्हा काय घडलं, याचा आकडा भरतपूरला आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारी तांड्याने तिथे एका दिवसात 4,273 पक्षी मारले. त्याच भरतपूरच्या रक्षणासाठी झटले ते सलीम अली, जे मुंबईत लहानपणी एअरगनने चिमण्या मारत. पिवळ्या गळ्याची एक चिमणी पडली, ती ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले आणि पुढचं आयुष्य तिथून निघालं. ओळखण्याची भूक त्या मुलाला होती. बंदूक तिच्या आधी आली होती, एवढंच.

चौथ्या दिवशी भाच्याच्या बंदुकीत काडतुसं होती. उजेड फुटायचाच होता. शेंड्यांवरून एक एकटं बदक आलं, घिरटी घातली, पंख आवळून थेट मोकळ्या पाण्याकडे वळलं. दहा-बारा यार्ड. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि क्षणभराने खाली घेतली. बदक उतरता उतरता बिचकलं, उचललं गेलं आणि झाडांपलीकडे गेलं. म्हातारा काही बोलला नाही, त्याने फक्त कान तिकडे वळवला. पलीकडून मोठ्याने दोनदा ‘क्वॅक, क्वॅक’ आलं.

“मादी होती, मामा,” भाचा हळूच मराठीत म्हणाला.