पेढीचें छत नवें केव्हां घालावें?

पावसाळ्यांत पेढीचें छत गळूं लागलें कीं मालक गच्चीवर डांबर ओततो आणि निश्चिंत होतो. परंतु गळती हें केवळ लक्षण होय. रोग काँक्रीटच्या पोटांत असतो. ओल सळईपर्यंत पोंचली कीं लोखंड गंजतें. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि त्याच्या दाबानें भोवतालचें काँक्रीट फुटतें.

हें ओळखावें कसें? बाजूस उभें राहून छताला खालून हलकेच हातोडीनें ठोकावें. खणखणीत नाद आला, तर बहुधा वरचें पाणी अडविणें पुरे. बद्द आवाज, सळईच्या रेषेंत गेलेली चीर, तांबूस डाग, हीं चिन्हें एखाद्याच जागीं असलीं तर दुरुस्तीनें भागतें. तींच छतभर पसरलीं, सळया उघड्या पडून बारीक झाल्या, तर अभियंत्यास बोलावून नव्या छताचा विचार करावा. डांबरानें झिजलेली सळई पुन्हां जाड होत नाहीं. उलट प्रत्येक नवा थर दुबळ्या छतावरचा भार वाढवितो.

मुंबईंत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्यानेंच सक्तीची आहे. पण शहाण्या मालकानें तोंवर थांबूं नये. भिजलेला माल पुन्हां भरतां येतो. छताखालीं बसलेल्या कारकुनाचें तसें नाहीं.