यंत्राला शिकवणारी पूड

वाशीम जिल्ह्यात कुठंही विहीर खणा. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि खालचं सगळं झाकून गेलं. पण याच जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा पुढं यवतमाळच्या कडेकडेनं चंद्रपूरकडं सरकते, तिथं लाव्हा संपतो आणि जुन्या समुद्रात साचलेली चुनखडी उघडी पडते. वय? लाव्ह्याच्या कितीतरी पट! भूशास्त्रज्ञांनी या खडकांना नाव दिलं ‘पैनगंगा गट’. नदी कालची पोर, खडक तिच्या कितीतरी आधीचा, पण नाव लागलं ते नदीचं.

कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने या चुनखडीवर चालतात. तिच्यात मॅग्नेशियम जास्त आलं की पंचाईत. भट्टीत कडक भाजलेला मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचा ऑक्साइड, पाण्याशी फार सावकाश संयोग पावतो आणि फुगतो. भिंत उभी राहून वर्षं उलटतात, घरात माणसं रुळतात, आणि मग तडे दिसू लागतात. म्हणून साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये मॅग्नेशिया ६ टक्क्यांच्या वर चालत नाही. आता सांगा, खाणीतून आलेल्या ढेकळात तो किती आहे, हे कळायचं कसं?

ढेकूळ दळतात, पूड दाबून चकती करतात आणि तिच्यावर क्ष-किरण सोडतात. चकतीतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतं. कॅल्शियमचे वेगळे, लोखंडाचे वेगळे. काही मिनिटांत दगडाची कुंडली हातात! पण खरी गंमत पुढंच आहे. या महागड्या यंत्राला टक्का म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. सेकंदाला किती किरण आले, एवढंच ते मोजतं. भाजीवाल्याच्या तराजूला समोरच्या पारड्यात शिक्का मारलेलं वजन लागतं, तसं यंत्राला आधी अशी एक पूड दाखवावी लागते, जिच्यात काय किती आहे हे पक्कं माहीत आहे.

मग वाशीमच्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची, पूड चालेल? छे! आतून निघालेले किरण बाहेर पडेपर्यंत शेजारची मूलद्रव्यं त्यातले काही गिळून टाकतात, आणि बेसाल्टमधले शेजारी वेगळे, चुनखडीतले वेगळे. त्यामुळं चुनखडीला चुनखडीच गुरू लागते. शिवाय शुद्ध चुनखडीच्या १०० ग्रॅममधले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे असतात. भट्टीत तापवली की जवळपास निम्मा दगड हवेत उडून जातो! बेसाल्टच्या अंगात ही कला नाही.

आता अवघड प्रश्न. त्या गुरूच्या पुडीत काय आहे, हे कुणी ठरवलं?

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या वेस्टर्लीचा ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातल्या सेंटरव्हिलचा डायबेस खडक दळून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना वाटला गेला. १९५१ मध्ये निकाल छापून आले. पूड एकच, हात मुरलेले, आणि आकडे मात्र एकमेकांशी जुळेनात! मला हा रसायनशास्त्रातला फार मोलाचा फजितीचा दिवस वाटतो. त्यातून धडा मिळाला की एकट्यादुकट्याचा आकडा कितीही रुबाबदार असला तरी तेवढ्यावर विसंबायचं नाही. अनेक प्रयोगशाळा, वेगवेगळ्या पद्धती, मग ताळमेळ, आणि आकड्याशेजारी तो किती इकडंतिकडं होऊ शकतो याची कबुली. पुढं जपानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं याच वाटेनं चुनखडी आणि डोलोमाइटच्या पुडी काढल्या, अमेरिकेनं शेल खडकांच्या आणि चक्क समुद्रतळाच्या चिखलाचीही. आपल्याकडं अशा प्रमाणित पदार्थांना ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ म्हणतात. त्यामागं दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे.

आणि दळणं सोपं वाटतं का? पोलादी चक्कीत दळलं तर लोखंड झिजून पुडीत मिसळतं. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलं तर टंगस्टन आणि कोबाल्ट. अकीकाच्या खलात घोटलं तर थोडी सिलिका. जे मोजायचं तेच आपण नकळत बदलत असतो! म्हणून दळण्याआधीच ठरवावं लागतं, कोणती भेसळ परवडेल. मग पिठासारखी बारीक पूड घुसळून घुसळून एकजीव करायची, बाटल्यांत भरायची, आणि मधूनच कुठल्याही बाटल्या उचलून तपासायच्या: पहिल्या बाटलीत जे आहे तेच शेवटच्या बाटलीतही आहे ना?

एवढं करूनही पूड संपतेच. अमेरिकेच्या पूर्वीच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या प्रमाणित नमुन्यांत क्रमांक १ कशाचा असेल? सोन्याचा नाही, लोखंडाचाही नाही. चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा! साठा संपला की नवा दगड आणायचा, दळायचा, पुन्हा नव्यानं मोजायचा आणि क्रमांकापुढं एक अक्षर वाढवायचं. १-ए झाली, १-बी झाली, १-सी झाली. ‘१-डी’ ही त्यापुढची.