दोन गोळ्या कशासाठी?

रक्तदाबाची एक गोळी घेणे पुष्कळ घरांत आता सकाळच्या चहाइतके अंगवळणी पडले आहे. परंतु डॉक्टरांनी तिच्या जोडीला दुसरी लिहून दिली, की वडीलधारी मंडळी चिंतातुर होतात. ‘दुखणे बळावले’ अशी त्यांची समजूत होते; आणि दाब जरा उतरला, की दोहोंपैकी एक गोळी गुपचूप बंद होते. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे.

रक्तदाब वाढण्यास एकच कारण नसते. शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडापासून सुरू होणारी संप्रेरकांची साखळी दाब चढता ठेवते. औषधाने एक वाट अडविली, तर शरीर दुसरी शोधते. म्हणून दोन वाटा एकदम, पण हलक्या हाताने अडविणे फलदायी ठरते. ४२ चाचण्यांचा एकत्र विचार करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा निराळ्या गटातील दुसरे औषध जोडल्यास दाब सुमारे पाचपट अधिक उतरतो, असे त्यात आढळले.

ही कल्पना तशी जुनीच. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. तिच्यापासून मिळालेले रेसरपीन अन्य दोन औषधांसह अमेरिकेतील माजी सैनिकांना देण्यात आले. १९६७ साली त्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा औषधे घेणाऱ्यांत गंभीर उपद्रव फारच थोडे दिसले.

जोडी चांगली जमली, की एक औषध दुसऱ्याचा दोषही झाकते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. टेल्मिसार्टन सोबत असता ती सूज कमी राहते. क्लोरथॅलिडोनने पोटॅशियम घटते; टेल्मिसार्टन ते राखण्यास मदत करते. मात्र कोणत्याही दोन औषधांची जोडी जमत नाही. टेल्मिसार्टन व रॅमिप्रिल एकत्र दिल्याने लाभ वाढला नाही, मूत्रपिंडाला अपाय मात्र वाढला, हे २००८ साली दिसून आले. म्हणून शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेले डायक्लोफिनॅकही दाब वाढविते व या औषधांसोबत मूत्रपिंडावर ताण आणते.

आपल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंदूरचे आजोबा चार महिने पुण्यास मुलाकडे राहतात; तेथील डॉक्टर तेच औषध निराळ्या नावाच्या वेष्टनातून देतात, आणि जुने व नवे दोन्ही पोटात जाते. यासाठी वेष्टनावरील कंपनीचे नाव नव्हे, तर औषधाचे मूळ नाव व मात्रा कागदावर लिहून जवळ ठेवावी. दोन औषधे एकाच गोळीत मिळतात. ती आपणास चालेल का, हेही विचारावे.

उठताना भोवळ आली, पाय सुजले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे; पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दाब उतरला आहे, तो बहुधा त्या दोघींच्या जोडीमुळेच.