चतुःसीमा आणि टिपण : जुन्या दस्तावरून जमिनीची हद्द कशी ठरते

जुन्या खरेदीखतात किंवा वाटपपत्रात जमीन मापापेक्षा शेजारावरून अधिक ओळखली जाते. पूर्वेस अमक्याचा कुणगा (भाताचे लहान शेत), पश्चिमेस व्हाळ (ओढा), दक्षिणेस पाणंद, उत्तरेस जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण), अशा चार दिशांच्या वर्णनाला चतुःसीमा म्हणतात. लिहिणाऱ्याच्या काळी या खुणा गावातील प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे त्याहून अधिक तपशिलाची गरज कोणाला वाटली नाही. पुढे कुणग्याचा मालक बदलतो, व्हाळ पात्र सोडतो, पडलेला गडगा हातभर सरकून पुन्हा उभा राहतो, आणि कागदावरील शब्द तेच राहून त्यांचा जमिनीवरील ठाव मात्र हरवतो.

हा ठाव शोधण्यासाठी भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक दस्ताबरोबर मोजणीचे मूळ अभिलेखही हाती घेतो. १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केलेली पाहणी १८४७च्या संयुक्त अहवालाने नियमबद्ध झाली, आणि पुढे मुंबई इलाख्याबाहेरील संस्थानांनीही ती पद्धत उचलली. त्या वेळी प्रत्येक सर्व्हे नंबराचे जे हातरेखाटन शेतावरच काढले गेले, ते टिपण होय. त्याची आकृती प्रमाणात नसते, परंतु दगडापासून दगडापर्यंतची आधाररेषा आणि तिच्यावरून बांधापर्यंत काटकोनात घेतलेली अंतरे त्यात साखळी-आण्यांत नोंदलेली असतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६. म्हणून १२ साखळ्या ४ आणे म्हणजे ४०४.२५ फूट, सुमारे १२३ मीटर. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. टिपणातील मापांवरून क्षेत्र काढल्याचा हिशेब गुणाकार बुकात मिळतो.

टिपण जमिनीवर 'बसवणे' हे या कामाचे मर्म आहे. ज्यांची जागा हललेली नाही असे हद्दीचे दगड, जुने बांध किंवा शेजारील नंबरांच्या निर्विवाद खुणा आधी शोधाव्या लागतात, आणि त्यांच्यातील अंतर टिपणातील आकड्यांशी जुळले तरच त्यांच्या आधारे हरवलेला कोपरा पुन्हा उभा करता येतो. एकाच दगडावर विसंबून संपूर्ण नंबर मांडणे धोक्याचे असते, कारण तो दगडच कोणी हलवला असेल, तर चूक चारही बाजूंना पसरते.

पिंगुळीसारख्या गावात हे काम अधिक नाजूक होते. कुडाळ तालुक्यातील हे गाव पूर्वी सावंतवाडी संस्थानात होते, आणि येथील उतारावरच्या लहान कुणग्यांची, माडबागांची व भरड जमिनीची भावाभावांत पिढ्यान्पिढ्या वाटणी होत आली आहे. मूळ पाहणी शेतसाऱ्यासाठी झाल्यामुळे सर्व्हे नंबर हेच तिचे एकक होते. त्याच्या आतील वाटे, म्हणजे पोटहिस्से, पुढे मोजले गेले, आणि कित्येक ठिकाणी ते तोंडी वहिवाटीवरच राहिले. अशा वेळी जुने वाटपपत्र, पोटहिस्स्याचा फाळणी नकाशा आणि प्रत्यक्ष ताबा एकत्र ताडून पाहावे लागतात. त्यातच महामार्ग किंवा रेल्वेसाठी जमीन संपादित झाली असेल, तर उरलेले क्षेत्र कमी-जास्त पत्रकावरून तपासल्याखेरीज जुन्या आकड्यांचा उपयोग होत नाही.

दस्तातील क्षेत्र आणि चतुःसीमा यांत विसंगती निघाली, तर सीमा स्पष्ट असताना न्यायालये सर्वसाधारणपणे सीमांना अधिक महत्त्व देतात, आणि हे योग्यच आहे, कारण गुंठ्यांचा आकडा लिहिताना चुकू शकतो, तर खरेदी करणारा समोर दिसणारा व्हाळ आणि गडगा पाहून जमीन घेत असतो. मात्र विकणाऱ्याच्या मालकीची नसलेली जागा चतुःसीमेत लिहिल्याने खरेदीदाराची होत नाही, म्हणून शेजाऱ्याचा दस्तही पाहणे अगत्याचे ठरते.

आज इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आणि उपग्रहाधारित रोव्हर यांनी मोजणी जलद व अचूक झाली आहे. परंतु ही यंत्रे बिंदूचे स्थान सांगतात, तो बिंदू हद्दीचा आहे की नाही हे अभिलेखांवरूनच ठरवावे लागते. हद्द कायम करण्याच्या मोजणीपूर्वी लगतच्या धारकांना नोटीस दिली जाते. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठांकडून निमताना, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागता येते. मालकीचाच वाद असेल, तर त्याचा निर्णय दिवाणी न्यायालय करते.